साठावा दिवस उलटला तेव्हा : लिबिया २०११, एक प्रकरण अभ्यास

२० मे २०११, शुक्रवार. व्हाइट हाउसमध्ये त्या दिवशी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू आलेले होते आणि सगळे कॅमेरे त्यांच्याकडे वळलेले होते. लिबियावर अमेरिकेची ड्रोन विमाने घिरट्या घालत होती, त्याची कुणाला फारशी आठवण नव्हती. पण १९७३ च्या एका कायद्याप्रमाणे त्या दिवशी एक मुदत संपत होती. संसदेची परवानगी मिळाली नसेल तर राष्ट्राध्यक्षांनी लढाई थांबवावी, असे तो कायदा सांगतो. परवानगी मिळालेली नव्हती, मागितलीही नव्हती. लढाई थांबली नाही. ती पुढे पाच महिने चालली.

हे कसे घडले, कोणत्या वळणावर कोणी काय ठरवले आणि दुसरे काय ठरवता आले असते, ते इथे मांडतो. राष्ट्राध्यक्ष कायदे धाब्यावर बसवणारा गडी असता तर या प्रकरणात अभ्यासण्यासारखे फार काही नव्हते. बराक ओबामा शिकागोत संविधानाचा कायदा शिकवत असत. त्यांचे कायदेशीर समर्थन करायला जे उभे राहिले, त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकारावर लगाम हवा हे मांडण्यात उमेदीची वर्षे घातली होती.

शब्दांचा खुलासा आधीच करतो. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाला दुसराच वास असल्यामुळे मी 'संसद' म्हणेन. तिची दोन सभागृहे म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट.

पार्श्वभूमी

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात संविधानाचा मसुदा लिहिला जात होता, तेव्हा त्यात युद्ध 'करण्याचा' अधिकार संसदेला दिलेला होता. १७ ऑगस्टला तिथल्या मॅडिसन आणि गेरी या दोन प्रतिनिधींनी तो शब्द बदलून युद्ध 'जाहीर करण्याचा' असा करायला लावला. कारण सरळ होते. शत्रू अचानक चालून आला तर संसद भरायची वाट बघता येणार नाही, तेवढ्यापुरता राष्ट्राध्यक्षांचा हात मोकळा असावा. दारात चोर आला तर काठी उचलायला घरच्यांची बैठक लागत नाही, पण शेजारच्या गावात जाऊन भांडण काढायचे असेल तर लागते, इतकाच तो भेद. आपल्याकडे अशी विभागणी नाही. सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे, निर्णय मंत्रिमंडळाचा, आणि लढाईआधी लोकसभेचे मत घेतलेच पाहिजे असे आपले संविधान म्हणत नाही. म्हणून मराठी वाचकाला हा सगळा वाद सुरुवातीला जरा परका वाटतो.

अमेरिकी संसदेने रीतसर युद्ध जाहीर केले ते आजवर पाच युद्धांत, शेवटचे जून १९४२ मध्ये. १९५० साली ट्रुमन कोरियात परवानगीशिवाय उतरले. व्हिएतनामसाठी १९६४ चा एक ठराव होता, पण तो इतका मोघम होता की त्याच्या पोटात दशकभराचे युद्ध मावले. पोळलेल्या संसदेने ७ नोव्हेंबर १९७३ रोजी निक्सन यांचा नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी ओलांडून 'वॉर पॉवर्स रिझोल्यूशन' मंजूर केले. नावात रिझोल्यूशन असले तरी तो पक्का कायदा आहे.

त्याची रचना घड्याळासारखी आहे. सैन्य 'हॉस्टिलिटीज'मध्ये किंवा त्या तोंडावर असलेल्या परिस्थितीत धाडले की ४८ तासांत राष्ट्राध्यक्षांनी संसदेला लेखी कळवायचे. तिथून ६० दिवस. तेवढ्यात संसदेने मंजुरी दिली नाही तर लष्कराचा तो वापर थांबवायचा. सैनिकांना सुखरूप माघारी आणण्यासाठी जास्तीत जास्त ३० दिवस आणखी. पैसे मंजूर केले म्हणजे युद्धही मंजूर केले, असा अर्थ काढायचा नाही, असेही कलम त्यात आहे. मुख्य म्हणजे संसदेला काहीच करावे लागू नये अशी ही योजना होती. ती गप्प बसली तरी घड्याळ चालत राहील आणि साठाव्या दिवशी घंटा होईल.

फक्त 'हॉस्टिलिटीज' म्हणजे काय, हे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

मराठीत आपण त्याला लढाई म्हणू, चकमकी म्हणू. आपल्या विमानातून दुसऱ्याच्या अंगणात क्षेपणास्त्र पडत असेल तर ती लढाई आहे की नाही यावर कुठल्याही चावडीवर दोन मते होणार नाहीत. वॉशिंग्टनमध्ये झाली. १९७३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने आधीचा 'सशस्त्र संघर्ष' हा शब्द काढून 'हॉस्टिलिटीज' घातला, तो जास्त व्यापक आहे म्हणून. व्यापक म्हणून निवडलेला शब्दच पुढे आवळला गेला.

आता लिबिया. फेब्रुवारी २०११ च्या मध्यात बेंगाझीत निदर्शने सुरू झाली आणि लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांच्या फौजांनी ती चिरडायला घेतली. तिथे काम करणाऱ्या हजारो भारतीयांना त्या दिवसांत जहाजांनी आणि विमानांनी बाहेर काढावे लागले होते, ते काहींना आठवत असेल. मार्चच्या मध्यापर्यंत गद्दाफींचे रणगाडे बेंगाझीच्या रोखाने निघाले आणि घराघरांत शिरून शोधू, दयामाया दाखवणार नाही, असे त्यांनी रेडिओवरून बजावले. १७ मार्चला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ मंजूर केला. (कायद्याचे साल आणि ठरावाचा क्रमांक सारखाच निघावा हा निव्वळ योगायोग.) दहा मते बाजूने, विरोधात एकही नाही, पाच तटस्थ. त्या पाचांत भारत होता.

१८ मार्चला ओबामांनी संसदेतल्या प्रमुख नेत्यांना बोलावून कल्पना दिली. १९ मार्चला ते ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना हल्ला सुरू झाला. पहिल्याच तडाख्यात अमेरिकी आणि ब्रिटिश नौकांवरून शंभरावर टॉमाहॉक क्षेपणास्त्रे सुटली. २१ मार्चला, म्हणजे ४८ तासांच्या आत, संसदेला पत्र गेले. घड्याळ सुरू झाले.

अडचण कुठे होती

हल्ला सुरू करण्याचा अधिकार आणि तो चालू ठेवण्याचा अधिकार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत केली की पुढचे काहीच समजत नाही.

पहिल्याचे उत्तर न्याय विभागाने १ एप्रिलच्या लेखी मतात दिले. तिथले ऑफिस ऑफ लीगल कौन्सिल, ज्याला सगळे ओएलसी म्हणतात, सरकारच्या सर्व खात्यांना बंधनकारक ठरतील अशी कायदेशीर मते देते. त्यांनी दोन कसोट्या लावल्या. देशाचे महत्त्वाचे हित गुंतले आहे का? आणि कारवाईचे स्वरूप, व्याप्ती, कालावधी बघता ती संविधानाच्या अर्थाने 'युद्ध' ठरते का? हित गुंतले आहे : एक, त्या भागातले स्थैर्य, दोन, सुरक्षा परिषदेची पत राखणे. आणि पायदळ नाही, मुदत थोडी, म्हणून हे 'युद्ध' नाही. सबब राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारात सुरुवात करू शकतात.

यातली सुरक्षा परिषदेची पत राखण्याची गोष्ट मला कधीच पटली नाही. त्या परिषदेने सदस्यांना बळ वापरण्याची मुभा दिली होती, कोणत्याही देशाने आपल्या घरचा कायदा गुंडाळून ठेवावा असे सांगितले नव्हते. शिवाय ओएलसीच्या मताच्या पाच दिवस आधी, २७ मार्चला, संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी दूरचित्रवाणीवर कबूल केले होते की लिबिया हा अमेरिकेच्या जीवनमरणाच्या हिताचा विषय नाही. खुद्द ओबामांनी २००७ मध्ये, उमेदवार असताना, एका वृत्तपत्राला लेखी सांगितले होते की देशावरचा प्रत्यक्ष किंवा तोंडावर आलेला धोका रोखण्याचा प्रसंग नसेल तर राष्ट्राध्यक्षांना एकतर्फी हल्ल्याचा आदेश देता येत नाही.

तरीही पहिल्या प्रश्नावर सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती. असे मर्यादित हल्ले पूर्वीच्या राष्ट्राध्यक्षांनी केले होते आणि बेंगाझीच्या दारात रणगाडे होते. खरी पंचाईत दुसऱ्या प्रश्नाची होती. ओएलसीच्या मतात साठ दिवसांनंतर काय, याचे उत्तर नव्हते. मार्चमध्ये कुणाला ते लागेल असे वाटलेही नव्हते. काम दिवसांचे आहे, आठवड्यांचे नाही, असा सूर होता. ३१ मार्चला सूत्रे नाटोकडे गेली. एप्रिलमध्ये युद्ध चिघळले. २१ एप्रिलला सशस्त्र प्रिडेटर ड्रोन वापरायला परवानगी दिली गेली, म्हणजे आधार देण्याच्या भूमिकेत गेलेली अमेरिका पुन्हा स्वतः मारा करू लागली. आणि मे उजाडला.

समोर कोणते पर्याय होते

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सरकारपुढे निदान पाच वाटा होत्या.

संसदेकडे जाणे ही पहिली. ती राजरस्त्यासारखी दिसते, पण तिच्यात खाचखळगे होते. प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांच्या हाती गेले होते, स्वपक्षातले युद्धविरोधी नाराज होते, आणि मागून नकार मिळाला तर न मागण्यापेक्षा अवस्था वाईट. मार्चमध्ये चित्र वेगळे होते. सिनेटने १ मार्चलाच लिबियावर उड्डाणबंदी लादण्याचा विचार व्हावा अशा आशयाचा ठराव एकमताने केला होता. तो ठराव म्हणजे परवानगी नव्हे, पण वारा कुठल्या दिशेने आहे ते त्यावरून कळत होते. लोखंड तापलेले होते तेव्हा घाव घातला नाही.

दुसरी, मारा बंद करून फक्त मदत करायची. हवेत इंधन भरणे, टेहळणी, शोध आणि सुटका. जूनमधल्या सरकारी अहवालाप्रमाणे नाटोच्या मोहिमेतल्या इंधन भरण्याच्या कामाचा सुमारे तीन चतुर्थांश आणि टेहळणीचा सुमारे ७० टक्के भार अमेरिका उचलत होती. म्हणजे प्रिडेटर आणि हवाई संरक्षणावरचे हल्ले थांबवूनही तिचे वजन कमी झाले नसते. संरक्षण खात्याचे प्रमुख वकील जे जॉन्सन आणि ओएलसीच्या हंगामी प्रमुख कॅरोलाइन क्रास यांच्या मते जे चालले होते ती 'हॉस्टिलिटीज' होती. म्हणून २० मेनंतर ते थांबवणे किंवा आवरते घेणे भाग होते.

तिसरी वाट चलाखीची. काही काळ सगळे थांबवायचे आणि मग नव्याने सुरू करायचे, म्हणजे घड्याळही नव्याने सुरू! अशी कल्पना चर्चेत असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. ती बाजूला पडली हे बरेच झाले.

चौथी, १९७३ चा कायदाच घटनाबाह्य आहे असे म्हणायचे. निक्सन यांच्यापासून अनेक सरकारांनी ही कुरकुर केलेली आहे. ओबामांनी ती वाट नाकारली. कायदा वैध आहे, तो आम्ही पाळतो, हे म्हणणे त्यांना सोडायचे नव्हते.

पाचवी, कायदा मानायचा पण आपण जे करतो आहोत ते 'हॉस्टिलिटीज'मध्ये बसत नाही असे म्हणायचे. घड्याळ मोडायचे नाही, ते आपल्याला लागू नाही म्हणायचे.

क्लिंटन यांच्या काळची एक सहावी वाटही होती, पण ती बंद झालेली होती. १९९९ मध्ये कोसोव्होवरचे बॉम्बहल्ले ७८ दिवस चालले, म्हणजे साठाचा आकडा तेव्हाही ओलांडला गेला. संसदेने त्या मोहिमेसाठी खास पैसे दिले म्हणजे मंजुरीच दिली, असा तर्क तेव्हा ओएलसीने केला होता. तो कायद्याच्या शब्दांशी झटापट करूनच उभा होता. लिबियासाठी संसदेने वेगळा छदामही दिला नव्हता. संरक्षण खाते आहे त्या तिजोरीतून खर्च भागवत होते.

निर्णय कसा झाला

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे, निर्णयापेक्षाही निर्णयाच्या रीतीत.

एरवीची पद्धत अशी : असा कायदेशीर प्रश्न आला की ओएलसी सगळ्या खात्यांच्या वकिलांची मते मागवते, त्यांचा विचार करते आणि स्वतःचे लेखी मत देते. राष्ट्राध्यक्षांना ते फिरवता येते, पण तसे फार क्वचित होते. कारण फिरवायचे म्हटले तर आपल्याच न्याय विभागाचे लेखी मत बाजूला सारल्याची नोंद राहते. ही लाज हाच त्या पद्धतीतला खरा लगाम.

या वेळी ओएलसीकडून लेखी मत घेतलेच गेले नाही. व्हाइट हाउसचे वकील बॉब बाउअर यांच्या कार्यालयाने निरनिराळ्या खात्यांच्या वकिलांची मते गोळा केली आणि ती राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवली. ओएलसीचे मत त्यातले एक झाले. परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार हॅरल्ड कोह आणि बाउअर म्हणत होते की 'हॉस्टिलिटीज' नाहीत. जॉन्सन आणि क्रास म्हणत होते की आहेत. ओबामांनी कोह आणि बाउअर यांची बाजू उचलली. पंचाचा निर्णय मागायच्याऐवजी मैदानातल्या चौघांना विचारायचे आणि आपल्याला हवा तो कौल निवडायचा, असा हा प्रकार. बेकायदा म्हणता येणार नाही. सल्ला कोणाचा घ्यायचा हे ठरवणे राष्ट्राध्यक्षांच्याच हाती आहे.

२० मेच्या पत्रात ओबामांनी कायद्याला बगल दिली. अमेरिकेची भूमिका आता आधाराची आहे असे लिहिले आणि सिनेटमधल्या केरी, मॅकेन आदींच्या द्विपक्षीय ठरावाला पाठिंबा दर्शवला. पण मुदतीबद्दलची कायदेशीर भूमिका सांगितली नाही. ती कळली १५ जूनला, ३२ पानी अहवालातून, म्हणजे मुदत उलटल्यावर २६ दिवसांनी. आणि वकिलांमधला मतभेद बाहेर आला तो त्याहून तीन दिवसांनी, वृत्तपत्रातून.

२८ जूनला कोह सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीपुढे बसले. येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे हे माजी अधिष्ठाता. त्यांनी चार 'मर्यादित' मांडले. मोहीम मर्यादित, अमेरिकी सैनिकांना असलेला धोका मर्यादित, भडका वाढण्याची शक्यता मर्यादित, वापरलेली साधने मर्यादित. चारही एकत्र असताना हे 'हॉस्टिलिटीज' नाही. आधाराला १९७५ मधले एक पत्र होते. कंबोडियाने पकडलेल्या मायाग्वेझ या अमेरिकी जहाजाच्या प्रकरणानंतर तेव्हाच्या सरकारी वकिलांनी दोन्ही बाजूंच्या तुकड्यांमध्ये सक्रिय गोळीबाराची देवाणघेवाण म्हणजे हॉस्टिलिटीज, असे त्यात म्हटले होते.

देवाणघेवाण. या एका शब्दावर सगळे तोललेले आहे. लिबियाकडे अमेरिकी विमानांपर्यंत पोहोचेल असे फारसे काही उरलेले नव्हते. त्यामुळे आपण मारतो पण ते आपल्याला मारू शकत नाहीत, म्हणून ही लढाई नाही! ज्याचे तंत्रज्ञान जितके वरचढ तितका त्याच्यावर कायद्याचा अंकुश कमी, असा याचा अर्थ होतो. आणि ज्यांच्यावर क्षेपणास्त्रे पडतात ते या हिशेबात कुठेच नाहीत. १९७३ चा कायदा प्रामुख्याने अमेरिकी सैनिकांच्या जिवासाठी केला गेला, हे कोह यांच्या बाजूने म्हणता येते. ते अगदी खोटे नाही. २९ जूनच्या पत्रकार परिषदेत ओबामांनीही हाच मुद्दा व्हिएतनामशी तुलना करून मांडला.

संसदेने काय केले

खरे सांगायचे तर तिने सगळे केले आणि काहीच केले नाही.

३ जूनला प्रतिनिधिगृहापुढे दोन ठराव आले. डेमोक्रॅट डेनिस कुसिनिच यांचा ठराव पंधरा दिवसांत सैन्य मागे घ्या असा होता. तो १४८ विरुद्ध २६५ ने पडला. सभापती जॉन बेनर यांचा ठराव २६८ विरुद्ध १४५ ने मंजूर झाला. त्यात राष्ट्राध्यक्षांनी पुरेसे कारण दिलेले नाही, माहिती द्यावी, असे खडसावले होते, पण थांबवण्याची सक्ती नव्हती. नुसता ठराव. त्याला दात नव्हते.

२४ जूनचा दिवस आणखी मासलेवाईक. एक वर्षाची परवानगी देणारा ठराव मतदानाला आला आणि १२३ विरुद्ध २९५ अशा दणक्याने आपटला. ७० डेमोक्रॅट विरोधात गेले. त्याच दुपारी थेट माऱ्यासाठीचा पैसा अडवणारे विधेयक आले. तेही १८० विरुद्ध २३८ ने पडले. परवानगी देणार नाही आणि अडवणारही नाही. काहींना पैसाबंदी फार कडक वाटली, काहींना ती पुरेशी नाही, उलट मदतीच्या कामांना त्यातून मूक संमती मिळते असे वाटले. कारणे काहीही असोत, हातात आले ते शून्य.

सिनेटमध्ये केरी आणि मॅकेन यांचा परवानगीचा ठराव समितीने २८ जूनला, कोह यांची साक्ष झाली त्याच दिवशी, १४ विरुद्ध ५ ने पुढे पाठवला. सभागृहात त्यावर मतदान झालेच नाही. जुलैत कर्जमर्यादेचा वाद पेटला आणि लिबिया मागे पडला.

घड्याळाची कल्पना ज्या गृहीतावर उभी होती तेच इथे उलटे झाले. संसद गप्प बसली तर युद्ध थांबेल, असे १९७३ वाल्यांनी योजले होते. प्रत्यक्षात संसद गप्प बसली, म्हणून युद्ध चालू राहिले. हे थांबवण्याचे एक हत्यार आधीच बोथट झालेले होते, तेही सांगायला हवे. दोन्ही सभागृहांनी साधा संयुक्त ठराव करून सैन्य मागे बोलवावे अशी तरतूद कायद्यात आहे. त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही. पण १९८३ मध्ये 'चड्ढा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा सहीविना ठरावांना घटनाबाह्य ठरवले. (केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याच्या हद्दपारीचा तो खटला, त्याचे पडसाद युद्धाधिकारापर्यंत पोहोचतील असे त्याला स्वप्नातही वाटले नसेल.) त्यानंतर सैन्य परत बोलवायचे तर नकाराधिकार ओलांडण्याइतकी, म्हणजे दोन-तृतीयांश मते लागणार.

कुसिनिच, रिपब्लिकन वॉल्टर जोन्स आणि आणखी आठ सदस्य १५ जूनला न्यायालयात गेले. न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी त्यांना दावा लावण्याचा हक्कच नाही म्हणून प्रकरण फेटाळले. संस्थेचा अधिकार डावलला गेला असेल तर संस्थेने उठावे, दहा जणांनी वैयक्तिक येऊ नये, असे त्यामागचे सूत्र. आपल्याकडच्या जनहित याचिकांची सवय असलेल्यांना हे कोते वाटेल. तिथे मात्र ही रीत जुनी आहे. निकालाची तारीख २० ऑक्टोबर २०११. त्याच दिवशी सिर्तमध्ये गद्दाफी मारले गेले.

निष्पत्ती

नाटोची मोहीम ३१ ऑक्टोबरला संपली. अमेरिकेचा एकही सैनिक लढाईत दगावला नाही. २१ मार्चच्या रात्री एक एफ-१५ई लढाऊ विमान पडले होते, पण ते यांत्रिक बिघाडाने, आणि दोघेही वैमानिक वाचले. जूनच्या अहवालात ३ जूनपर्यंतचा खर्च ७१.६ कोटी डॉलर आणि सप्टेंबरअखेरचा अंदाज १.१ अब्ज डॉलर दिलेला होता. लष्करी अर्थाने हे स्वस्तात पडले. लिबियाला काय पडले ते पुढच्या वर्षांत दिसले : दोन दोन सरकारे, टोळ्या, यादवी. पण तो या अभ्यासाचा विषय नाही, आणि परवानगी घेतली असती तर लिबिया सावरला असता, असे म्हणणे बेइमानी होईल.

कायद्याच्या अंगाने मात्र मागे काय उरले ते नीट मोजता येते. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातल्या रासायनिक हल्ल्यानंतर ओबामा स्वतःच संसदेकडे गेले. दोनच दिवस आधी ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ ने तिथल्या पंतप्रधानांना नकार दिला होता. लिबियाचा चटका बसला होता असे मला वाटते. पण तो वैयक्तिक राहिला, लेखी मत मात्र दप्तरात राहिले. ट्रम्प यांनी एप्रिल २०१८ मध्ये सीरियावर क्षेपणास्त्रे डागली, त्याचे समर्थन करणाऱ्या ओएलसीच्या मतात लिबियाचा आधार आहे. हित आणि स्वरूप-व्याप्ती-कालावधी, त्याच दोन कसोट्या. २०२५ मध्ये कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांच्या संशयावरून बोटी उडवणे सुरू झाले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साठ दिवस भरले तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले की हे 'हॉस्टिलिटीज' नाही, कारण मारा दुरून, बहुतांशी ड्रोनने होतो आणि बोटीवरचे लोक अमेरिकी सैनिकांना इजा करू शकत नाहीत.

कोह यांच्या चार 'मर्यादितां'पैकी इथे एकच घेतला गेला, धोक्याचा. चारही एकत्र हवेत, ही त्यांची अट वाटेत गळून गेली.

वेगळे काय करता आले असते

तीन जागा दिसतात. १८ मार्चच्या बैठकीत नेत्यांना नुसते कळवण्याऐवजी नव्वद दिवसांची, पायदळ वगळून, अशी अरुंद परवानगी मागता आली असती. बेंगाझी डोळ्यांसमोर असताना आणि एप्रिलमधली कोंडी अजून दूर असताना ती मिळण्याची शक्यता जूनपेक्षा कितीतरी जास्त होती. मागण्याचा त्रास टाळण्याची किंमत दोन महिन्यांनी दामदुपटीने मोजावी लागली.

दुसरी जागा २० मेची. जॉन्सन आणि क्रास यांचे म्हणणे मानून थेट मारा थांबवला असता, तर इंधन आणि टेहळणी चालू ठेवून नाटोचे काम अडले नसते असे मला वाटते. याच्या विरोधात एक प्रामाणिक मुद्दा आहे. ब्रिटन आणि फ्रान्स दारूगोळ्यासाठी चाचपडत होते, आणि अमेरिकेने हात आखडता घेतला असा संदेश गेला असता तर गद्दाफींना हुरूप आला असता. तरी ते निदान त्याच दिवशी, त्याच पत्रात, मोकळेपणी लिहायला हवे होते. २६ दिवसांचे मौन समर्थनीय नाही.

तिसरी जागा संसदेची. २४ जूनला परवानगीचा एकच ठराव, वर्षभराऐवजी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि फक्त आधाराच्या कामांपुरता आणला असता, तर मधल्या फळीला उभे राहायला जागा मिळाली असती. पण तसा ठराव मंजूर करणे म्हणजे युद्धात आपला वाटा मान्य करणे. पुढच्या निवडणुकीत ते मत कोण अंगावर घेणार? दोन्ही बाजूंना टीका करण्याची सोय राहील अशी मतपत्रिका दोन्ही बाजूंना हवी होती, आणि ती त्यांनी मिळवली.

कायद्यातले भोक बुजवायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. जुलै २०२१ मध्ये डेमोक्रॅट ख्रिस मर्फी, रिपब्लिकन माइक ली आणि अपक्ष बर्नी सँडर्स या तीन सिनेटरांनी एक विधेयक आणले. 'हॉस्टिलिटीज'ची व्याख्या लिहायची, ६० दिवसांचे २० करायचे, आणि मुदत उलटली की पैसा आपोआप बंद, म्हणजे संसद गप्प राहिली तरी नळ बंदच होईल. उजवे आणि डावे इतके एकत्र येण्याचे प्रसंग तिथे क्वचित येतात. ते विधेयक मतदानापर्यंत पोहोचले नाही.